इंजिन बदलावं का? १.२ काढून १.८ टर्बो टाकायचं डोक्यात बसलंय

चौथा गिअर (धागाकर्ता)
मंडळी, नमस्कार. बरेच दिवस डोक्यात किडा वळवळतोय, एकदा लिहूनच टाकतो. माझी हॅचबॅक, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, कागदावर ८२ हॉर्सपॉवर आणि ११० न्यूटन मीटर टॉर्क, वजन ९५० किलो. बारा वर्षं झाली, एक लाख सत्तर हजार किलोमीटर पळालीय. बॉडी ठणठणीत, कुठे गंज नाही, आतून अजून छान वाटते, त्यामुळे विकायची इच्छा अजिबात नाही. प्रॉब्लेम एकच, दम नाही. चार माणसं आणि सामान घातलं की चढावर तिसऱ्यात नुसती हुं हुं करते, पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते. बाकी तक्रार नाही, जरा ऑइल खाते, पण या वयात सगळ्याच खातात.

आता ओळखीत एक सेडान मागून ठोकून पडलीय, तिचं १.८ टर्बो इंजिन चांगलं आहे, २५० न्यूटन मीटरवालं. मोजून पाहिलं, माझ्या बॉनेटखाली रुंदीत बसेल असं वाटतंय. तर कोणी केलंय का असं? करावं का? आणि करायचं तर इंजिनाशिवाय अजून काय काय लागेल?

डावी लेन
करून टाक भाऊ. आयुष्य एकदाच मिळतं.

पाना नंबर १३
डावी लेन, तुझं काय जातंय :)

धागाकर्ते, तुम्ही रुंदी मोजलीत हे बरं केलंत पण रुंदी हा सगळ्यात सोपा भाग आहे हो. एक गणित मांडतो. तुमचा पहिला गिअर साधारण ३.५ धरा आणि फायनल ड्राइव्ह (डिफरन्शियलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचं प्रमाण) ४.१. म्हणजे ११० न्यूटन मीटर चाकापर्यंत पोचताना गुणिले ३.५ गुणिले ४.१, झाले साधारण १५८०. आता तिथे २५० घाला. ३५८० च्या पुढे गेलं. हा सगळा पीळ जातो कुठून? क्लच प्लेट, गिअरबॉक्सचे दाते, डिफरन्शियल, एक्सल, एक्सलचे जॉइंट. यातलं एकही माणूस २५० साठी बनलेलं नाही. क्लच सगळ्यात आधी हात वर करेल, तो घसरतो, वास येतो, कळतं तरी. गिअरबॉक्स मात्र सहा महिने गप्प बसतो आणि एक दिवस तिसऱ्या गिअरचे दाते ऑइलमध्ये सापडतात.

म्हणजे इंजिनासोबत त्या सेडानचा गिअरबॉक्स पण घ्यावा लागणार. गिअरबॉक्स आला की एक्सलची लांबी जुळत नाही, कारण आतलं टोक त्या गाडीचं आणि बाहेरचं टोक तुमच्या हबचं, मग जोडून बनवायचे. गिअरची केबल वेगळी. माउंटिंग तिन्ही नवीन वेल्ड करायची. रेडिएटर मोठा, त्याच्यापुढे टर्बोचा इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारा), तो बसवायला पुढचं क्रॉसमेंबर, म्हणजे चेसिसची आडवी तुळई, कापायचा मोह होतो आणि तिथे कापायचं नसतं कारण धडक झाली की तेच वाचवतं. पेट्रोल पंप जास्त प्रेशरचा. सायलेन्सरची लाइन सगळी नवीन. आणि ब्रेक. ब्रेक लोक कायम शेवटी धरतात आणि मग पैसे संपलेले असतात.

डावी लेन
एवढं असेल तर आहे त्याच इंजिनाला टर्बो लावा की, किट मिळतात.

पाना नंबर १३
साध्या पेट्रोल इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) आधीच दहाच्या पुढे असतो, त्यावर दाबून हवा भरली की नॉकिंग सुरू, म्हणजे पेट्रोल आपोआप भलत्या वेळी पेटतं. मग पिस्टन बदला, इंजेक्टर बदला, ट्यूनिंग करा. आणि बारा वर्षं चाललेल्या इंजिनावर बूस्ट म्हणजे म्हाताऱ्याला शर्यतीत उभं करणं. नुसतं रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) म्हणाल तर ते टर्बो गाडीला फळतं, बिनटर्बोच्या छोट्या इंजिनात त्याने हाती फार काही लागत नाही.

हात काळे
मी केलंय. संपूर्ण कथा सांगते म्हणजे ठरवायला सोपं जाईल.

माझी छोटी दोन सीटर होती, मागच्या चाकांवर चालणारी, १.६ लिटर. त्यात दुसऱ्याच कंपनीचं अडीच लिटर सहा सिलिंडर टाकलं. मनात हिशोब होता तीन महिन्यांचा. गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) उभी राहिली चौदा महिने. इंजिन सात वेळा आत घातलं आणि सात वेळा बाहेर काढलं, आणि दर वेळी असं वाटायचं की आता बसलं. पहिल्यांदा चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) क्रॉसमेंबरवर टेकला, कारण त्या इंजिनाचा ऑइलचा खड्डा पुढे होता आणि माझ्या गाडीला मागे हवा होता. चेंबर बदलला तर आतला ऑइल पिकअप पाइप पण बदलावा लागतो हे दुसऱ्यांदा कळलं. तिसऱ्यांदा स्टिअरिंगचा रॉड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यात माझी करंगळी जेमतेम जात होती. थंड असताना जाते, तापल्यावर मॅनिफोल्ड फुगतो आणि इंजिन माउंटवर हलतं सुद्धा, तेव्हा लागतो. पुढचं विसरले, प्रॉपेलर शाफ्टचा कोन होता बहुतेक, इंजिन जरा खाली कललं होतं आणि ८० च्या पुढे सगळी गाडी गदागदा थरथरायची. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असावे लागतात, मी एकीकडचाच बघत बसले होते.

पण सगळ्यात महागात पडलं ते एवढंसं. टेंपरेचरचा सेन्सर. मीटर माझ्या जुन्या गाडीचा, सेन्सर नव्या इंजिनाचा. दोघांचा रेझिस्टन्स वेगळा. त्यामुळे काटा कायम पाव भागावर निवांत बसलेला, मी खूश, काय मस्त थंड चालतंय इंजिन. एक दिवस ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकले आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली तेव्हा सुद्धा काटा पाव भागावरच. हेड वाकलं. आख्खं हेड काढून प्लेन करायला टाकलं.

आता गाडी चालते, आणि चालते म्हणजे काय सांगू, सुखच. पण कोणी विचारलं परत करशील का तर मी आधी विचारते, तुला गाडी चालवायचीय की बनवायचीय? मला बनवायची होती. तुमच्या पोस्टमध्ये चार माणसं आणि सामान आहे.

चौथा गिअर (धागाकर्ता)
दादा, हे वाचून घाम फुटला खरं. सात वेळा?!

हात काळे
ताई. आणि हो, सात.

चौथा गिअर (धागाकर्ता)
सॉरी ताई! पण मग जगभर लोक करतात ते कसं काय? माझदा एमएक्स-५ मध्ये मोठं व्ही-८ बसवलेले व्हिडिओ आहेत, सिव्हिकमध्ये के सिरीज टाकतात, ते तर वीकेंडला करून मोकळे होतात.

जुना कार्ब
व्हिडिओ वीस मिनिटांचा असतो हो.

ते सोपं वाटतं त्याचं कारण वेगळं आहे. एमएक्स-५ मध्ये जीएमचं एलएस (तेच ते व्ही-८) किंवा सिव्हिकमध्ये होंडाचं के सिरीज हे हजारोंनी करून झालंय, त्यामुळे माउंट, चेंबर, वायरिंग, एक्सल सगळं तयार मिळतं. दुसऱ्या कोणाची तरी सात वेळा आधीच काढघाल झालेली असते, तुम्ही त्याचा माल विकत घेता. एलएस १९९७ ला आलं, ब्लॉक अॅल्युमिनियमचा, कॅमशाफ्ट हेडवर नसून ब्लॉकमध्ये, म्हणून ५.७ लिटर असून बाहेरून आटोपशीर. आकार छोटा आणि वजन कमी म्हणून ते कुठेही शिरतं. त्याउलट टोयोटाचं २जेझेड, ब्लॉक बिडाचा, ताकद कितीही काढा सहन करतं पण नाकावर वजन येतं. सिव्हिकवाल्यांचं पण सुरुवातीला वाटतं तितकं सरळ नव्हतं, होंडाची जुनी बी सिरीज उलटी फिरायची आणि २००१ ची के सिरीज सुलटी, एकाच कंपनीची इंजिनं असून.

आणि कंपन्यांनी स्वतः केलं तेव्हा तरी कुठे सोपं गेलं. १९६४ ची सनबीम टायगर. मुळात चार सिलिंडरची अल्पाइन, त्यात फोर्डचं ४.३ लिटर व्ही-८ घातलं. इतकं घट्ट की इंजिन शिरावं म्हणून तयार, रंगाचा हात दिलेल्या बॉडीच्या, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर कारखान्यात घण मारायचे. मागच्या एका स्पार्क प्लगला हातच पोचत नाही, तर केबिनच्या आतून भोक ठेवलं आणि त्याला रबरी बूच लावलं. प्लग बदलायचा तर गाडीत बसून बदला! शेल्बीच्या कोब्राचं तसंच, १९६२ ला एसी नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या हलक्या गाडीत व्ही-८ घातलं ते निभलं, पण सात लिटरचं घालायची वेळ आली तेव्हा चेसिसचे पाइप जाड करावे लागले आणि पाट्याच्या स्प्रिंग जाऊन कॉइल आल्या. इंजिन मोठं झालं की गाडी त्याच्यामागे मोठी करावी लागते, त्यातून सुटका नाही.

वायरवाला
लोखंडाचं सगळं सांगून झालं, आता तारांचं. धागाकर्ते, ती सेडान किती सालची? टर्बो आहे म्हणजे बहुतेक इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (केबलऐवजी तारेवर चालणारा अॅक्सिलरेटर) असणार, म्हणजे पेडल तिचं लागणार. इंजिनाचा ईसीयू (म्हणजे कॉम्प्युटर) किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ देणार नाही, म्हणजे किल्ली आणि इमोबिलायझर (चोरीपासूनचं कुलूप) तिचा. ईसीयू कॅन बसवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांची बोलायची सामायिक तार) एबीएसशी आणि मीटरशी बोलतो (बॉशने १९८६ मध्ये आणलं हे, तेव्हा तारा कमी करायला म्हणून, आता त्याच कमी झालेल्या तारा आपली झोप घालवतात), उत्तर आलं नाही की ताकद कमी करून लंगडत चालतो. मग तुमच्या नव्या २५० न्यूटन मीटरचे परत १०० होतात, फक्त या वेळी मीटरवर पिवळा दिवा पण असतो.

म्हणून नियम, नुसतं इंजिन कधी घ्यायचं नाही, आख्खी गाडी घ्यायची. वायरिंग कापायचं नाही, सोडवायचं. आणि काढायच्या आधी ती गाडी आहे त्या जागी सुरू करून बघायची.

मीटरकाटा
सगळे इंजिन कसं घालायचं ते सांगताय. मला धागाकर्त्याची एक ओळ खटकली, "जरा ऑइल खाते". जरा म्हणजे किती?

चौथा गिअर (धागाकर्ता)
हजार किलोमीटरला साधारण लिटरभर. टॉप अप करत राहतो.

मीटरकाटा
अहो हे जरा नाही! सकाळी सुरू केल्यावर निळसर धूर? चढावरून उतरताना पाय सोडून परत दाबला की मागे ढग?

माझं म्हणणं साधं आहे. तुम्ही ८२ हॉर्सपॉवर कमी पडते म्हणताय, पण आज तुमच्याकडे ८२ आहेतच कुठे? बारा वर्षांपूर्वीचा कागद आहे तो. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते बघा. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, इंजेक्टर आणि इग्निशनचे कनेक्टर सुटे करायचे, एकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा (हे विसरलात तर हवाच आत येत नाही आणि सगळे आकडे खोटे येतात) आणि सेल्फ मारायचा, काटा चढायचा थांबेपर्यंत. चारही सिलिंडरचे आकडे लिहा. आकडा किती आला यापेक्षा एकमेकांत फरक किती हे महत्त्वाचं. एखादा खाली असेल तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा वर आला तर रिंगा गेल्यात, ऑइलने तात्पुरती फट बुजते. नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

दुसरं, चढावर तिसऱ्यात किती आरपीएमला असता?

चौथा गिअर (धागाकर्ता)
अडीच हजाराच्या आसपास. दुसऱ्यात टाकली की फार ओरडते म्हणून टाकत नाही.

मीटरकाटा
न्यूटन मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९, म्हणजे किलोवॅट. अडीच हजाराला शंभर न्यूटन मीटर धरले तर २६ किलोवॅट, म्हणजे ३५ हॉर्सपॉवर. उरलेले पन्नास घोडे वर पाच साडेपाच हजारावर उभे आहेत आणि तुम्ही तिथे जातच नाही. ओरडू द्या हो, इंजिन ओरडण्यासाठीच आहे.

डावी लेन
हे माझ्या पण कामाचं निघालं. वाखु (वाचनखूण) साठवली.

पाना नंबर १३
अवांतर पण सांगतोच, ब्रेकचं मघाशी राहिलं. वेग १०० चा १२० झाला तर थांबवायची ऊर्जा २० टक्के नाही, ४४ टक्के वाढते, वेगाचा वर्ग असतो ना. त्यात पुढे वजन वाढलेलं. म्हणून ज्याला कोणाला मोठं इंजिन घालायचंय त्याने आधी ब्रेक करावेत आणि मग महिनाभर जुन्याच इंजिनावर चालवावी. निम्म्यांची हौस तिथेच फिटते.

आणि कागद. बहुतेक ठिकाणी गाडीच्या नोंदणीत इंजिन नंबर असतो, सीसी असते. ते बदलून नाही घेतलं आणि इन्शुरन्सला कळवलं नाही तर अपघात झाल्यावर ते लोक सगळ्यात आधी बॉनेट उघडतात. तुमच्या इथे परवानगी कशी मिळते ते पाना हातात घ्यायच्या आधी विचारा.

चौथा गिअर (धागाकर्ता)
आलो परत. रविवारी केली टेस्ट, दाब बारमध्ये. पहिला १२, दुसरा ११.८, तिसरा ८.३, चौथा ११.९. तिसऱ्यात ऑइल टाकून परत घेतली तर १०.९. प्लग काढले तेव्हा तिघांचे तांबूस होते आणि तिसऱ्याचा काळा ओला, बोटाला ऑइल लागलं.

म्हणजे मी तीन सिलिंडरवर ट्रक ओव्हरटेक करत होतो.

मीटरकाटा
सव्वातीन म्हणा. रिंगा. तुमची १.८ टर्बोची भूक कुठून आली ते कळलं.

हात काळे
आता प्रश्नच बदलला बरं का. इंजिन तर उतरवावंच लागणार. मग उतरवलेलंच आहे तर काय परत चढवायचं, एवढंच ठरवा. त्या १.८ टर्बोचा नाद सोडा, पण तुमच्याच मॉडेलमध्ये मोठं इंजिन यायचं का? बऱ्याच गाड्यांत एकाच फॅमिलीची दोन तीन साइझ असतात, ब्लॉक जवळजवळ तोच, माउंट तीच, बेलहाऊसिंगची (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं तोंड) बोल्टांची भोकं तीच, फक्त क्रँकचा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) लांब. ते असेल तर वेल्डिंगच नाही.

चौथा गिअर (धागाकर्ता)
आहे! माझ्याच फॅमिलीचं १.५, वरच्या मॉडेलमध्ये यायचं. १४० न्यूटन मीटर, माउंट सारखी आहेत. एक मिळतंय सुद्धा, त्याची पण कॉम्प्रेशन घेतली, चारही जवळजवळ सारखी. सुटं असल्यामुळे बेंचवरच सेल्फ लावून घेतली.

वायरवाला
ईसीयू, वायरिंग, इंजेक्टर, एअर सेन्सर त्याचेच घ्या. तुमचा १.२ चा ईसीयू दीड लिटरला पेट्रोल मोजून देईल पण १.२ च्या हिशोबाने.

हात काळे
स्ट्रोक लांब म्हणजे ब्लॉक उंच असू शकतो, हे आधी बघा. वरच्या मॉडेलचं बॉनेट तुमच्यापेक्षा फुगीर आहे का? उंची मोजून भागत नाही. लहान मुलं खेळतात ती चिकणमाती घ्या, इंजिनाच्या सगळ्यात उंच जागी गोळे चिकटवा, बॉनेट हळू बंद करा, उघडा, आणि दाबलेल्या मातीची जाडी मोजा.

चौथा गिअर (धागाकर्ता)
शनिवारी जुनं उतरवलं. साखळीवर १.५ नुसतं टांगून माउंटवर टेकवलं आणि मातीचे सहा गोळे लावले. बॉनेट लागलं, लॉक सुद्धा झालं, मी आनंदाने ओरडलो. उघडलं तर इनटेकवरचा गोळा पापडासारखा. कॅलिपरने ४ मिलिमीटर.

हात काळे
इंजिन माउंटवर किती डोलतं माहितीये ना? बोटभर तरी जागा हवी. चार मिलिमीटर म्हणजे पहिल्याच पिकअपला बॉनेटला आतून टकटक.

चौथा गिअर (धागाकर्ता)
माउंट १५ मिलिमीटर खाली घेतली तर?

पाना नंबर १३
तर चेंबर १५ मिलिमीटर जमिनीच्या जवळ आणि एक्सल कायम वाकड्या कोनात. बॉनेट कापा नाहीतर वरच्या मॉडेलचं बॉनेट बसतंय का बघा. ते बसत असेल तर पुढचे मडगार्ड पण तिचेच लागतात का तेही बघा.

चौथा गिअर (धागाकर्ता)
बघितलं. मडगार्ड, हेडलाइट, बंपर, सगळं वेगळं. आख्खं तोंडच बदलावं लागेल.

दोन दिवस गाडीसमोर स्टुलावर बसून काढले. मग १.५ परत केलं.

डावी लेन
अरेरे.

पाना नंबर १३
अरेरे काय त्यात. धागाकर्ते, १.२ बांधा. आणि गिअरबॉक्स बाहेर आहेच तर एक करा, तुमच्याच गाडीच्या एखाद्या व्हेरियंटला फायनल ड्राइव्ह छोटा (म्हणजे आकडा मोठा) यायचा का शोधा. ४.१ चा ४.५ झाला तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावर जवळजवळ दहा टक्के ओढ जास्त. हायवेला आरपीएम तेवढेच वाढतील आणि अॅव्हरेज थोडं पडेल, पण चढावर चार माणसं घेऊन जायचंय तर हेच हवं. इंजिन नंबर तोच, कागदांना हात नाही.

चौथा गिअर (धागाकर्ता)
अपडेट. बोअर करून घेतलं, पहिल्या ओव्हरसाइझचे पिस्टन रिंगा, व्हॉल्व्ह घासले, क्लच नवीन, ४.५ चा डिफरन्शियल सेट मिळाला. तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग दोन तुकड्यांत निघाली, फोटो टाकेन. आता ९०० किलोमीटर झालेत, ताण हळूहळू वाढवतोय, ऑइल एकदा बदललं, काडीवर पातळी आहे तिथेच आहे. काल त्याच चढावर दुसऱ्यात साडेचार हजार, ट्रक मागे. फार ओरडली.

आता एकच शंका. फायनल ड्राइव्ह बदलला तर स्पीडोमीटर चुकीचं दाखवतो का? मीटरकाटा, तुमच्या नावाचाच प्रश्न आहे.

मीटरकाटा
सेन्सर कुठून वाचतो त्यावर आहे. डिफरन्शियलच्या रिंगवरून किंवा चाकावरच्या एबीएसवरून घेत असेल तर काटा खरं बोलतोय, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून घेत असेल तर दहा टक्के फुगवून सांगणार. सरळ रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसशी ८० ला ताडून बघा. आणि त्या रिंगचा फोटो टाका आधी.